घरच्या मांसासाठी कोंबड्यांचा संकर: कोंबडा कुठला, कोंबडी कुठली?

मोहोळ तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. मळ्यात वस्ती, दारात पंधरा गावरान कोंबड्या. गावरान पिल्लू सव्वा किलोचं व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणून पोल्ट्रीवाल्याकडून ब्रॉयलरचा दांडगा कोंबडा आणून या कोंबड्यांत सोडला तर पिल्लं लवकर वाढतील का, असं ते विचारतात. शिवाय त्या पिल्लांतलेच नर-मादी ठेवून पुढची पैदास घरीच चालवता येईल का, आणि कडकनाथचा संकर मांसासाठी कसा, हेही त्यांना हवंय. आखाडात विकायला माल तयार असावा हा हेतू.

भाऊ, ब्रॉयलरचा कोंबडा आणू नका. पंधरा कोंबड्या तुमच्याकडे आहेत ही चांगली सुरुवात आहे, पण त्यांचं काम वेगळं आहे. ते पुढे सांगते.

ब्रॉयलर ही जात नाही. बापाच्या बाजूनं कॉर्निश, आईच्या बाजूनं प्लायमाऊथ रॉक अशा निवडलेल्या चार वेगवेगळ्या वाणांचा तो शेवटचा संकर असतो आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलो होऊन कापला जावा एवढ्यासाठीच तो घडवलेला असतो. तुम्हाला तो पैदाशीला वापरायचा तर निदान सहा महिने जगवावा लागेल. त्याची भूक अशी की पोटभर खाऊ दिलं तर तो स्वतःच्या वजनानंच पाय धरून बसतो. काही तर सकाळी चांगले असतात आणि दुपारी छाती बंद पडून गेलेले दिसतात. ज्या कंपन्या ब्रॉयलरचे आईबाप सांभाळतात त्या लहानपणापासून त्यांचं खाद्य रोज मोजून, भूक मारून देतात. मळ्यात हे जमत नाही. त्यात आपला मे महिना! सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढं गेला की चार किलोचा ब्रॉयलर तोंड वासून धापा टाकत पडतो. आणि समजा तो जगला, तरी सव्वा-दीड किलोच्या गावरान कोंबडीवर चार-पाच किलोचं धूड चढलं की तिची पाठ सोलून निघते. दोन-चारदा तसं झालं की कोंबडी कोंबड्याला बघूनच कुपाटीत शिरते. मग अंडी फळणार कशी?

पण माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. तुम्ही भारी कोंबड्याचा विचार करताय. हिशोब कोंबडीपासून करायचा असतो. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, पिल्लं काढते, त्यांच्यामागं दोन-अडीच महिने फिरते, मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाची अंडी पन्नास-साठ, तीही चाळीस ग्रॅमच्या आसपास. पिल्लाचं जन्माचं वजन अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतं, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या अंड्यातून सव्वीस-सत्तावीस ग्रॅमचं पिल्लू आणि पंचावन्न ग्रॅमच्या अंड्यातून छत्तीस-सदतीसचं. ऱ्होड आयलंड रेड (आरआयआर) किंवा ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प कोंबडी नीट खाद्यावर वर्षाला दीडशे-पावणेदोनशे अंडी आरामात देते, तीही मोठी. म्हणजे दहा आरआयआर कोंबड्यांकडून जेवढी पिल्लं निघतील तेवढी काढायला तीस गावरान लागतील. कोंबडा मात्र दहा कोंबड्यांमागं एकच. तो कमी अंड्याच्या जातीचा असला तरी काही बिघडत नाही, कारण अंडी त्याला घालायचीच नाहीत.

म्हणून जोडी अशी जुळवा: कोंबडा असील, म्हणजे झुंजीची देशी जात, आणि कोंबडी आरआयआर. असीलची मादी वर्षाला तीस-चाळीस अंड्यांच्या वर जात नाही, त्यामुळं उलटी जोडी केली तर पिल्लं मोजकीच. पण असील कोंबड्याची छाती रुंद, हाड मजबूत, मांस घट्ट आणि उन्हाला तो टिकतो. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठी जी ‘कॅरी निर्भीक’ तयार केली, ती असील आणि त्यांच्या कॅरी रेड कोंबडीच्या संकरातूनच. तुम्ही घरी करणार तो त्याचाच साधा प्रकार.

असील निवडताना झुंजीतला, जखमांनी भरलेला कोंबडा नको. कोंबड्यांच्या झुंजी लावणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसल्या कोंबड्याचा स्वभावही कळपात त्रासाचाच. दहा महिन्यांच्या पुढचा, दोन वर्षांच्या आतला, तीन-साडेतीन किलोचा तरणा कोंबडा बघा. फार जड, वयस्कर असील आळशी असतो, अंडी रिकामी निघतात. हातात धरून छातीच्या हाडावरून बोट फिरवा. हाड सरळ हवं आणि दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं लागलं पाहिजे. पायाच्या नख्या बोथट करून घ्या, म्हणजे कोंबड्यांच्या पाठी वाचतील. सुरुवातीला एका कोंबड्यामागं आठ कोंबड्या ठेवा, अंडी चांगली फळतायत असं दिसलं की दहा करा. दोन असील असले तर एकत्र सोडू नका. दोन-तीन दिवसांनी आलटून पालटून सोडा.

आरआयआरची पिल्लं पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून मिळतात, आधी नोंदणी करावी लागते. आपल्याकडं मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी केलीत तर जवळ कुणाकडं तयार तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या माद्या) आहेत ते कळेल. वनराजा, गिरिराजा, कावेरी किंवा बाजारात ‘डीपी क्रॉस’ म्हणून मिळणारी पिल्लं पैदाशीसाठी घेऊ नका. ती पाळायला उत्तम, खायला उत्तम, पण ती आधीच संकर आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा म्हणजे दोन वेगळ्या वाणांची मुद्दाम जुळवलेली संतती. तिच्यापासून पिल्लं काढली की एक इकडं, एक तिकडं. आरआयआर शुद्ध जात आहे, तिच्याकडून काय उतरणार ते आधी सांगता येतं.

इथं एक गैरसमज काढते, कारण तो फार पसरलाय. संकर केला की पिल्लू दोन्ही आईबापांच्या दुप्पट वाढतं असं लोक धरून चालतात. वाढीच्या बाबतीत पहिल्या पिढीचं पिल्लू साधारण आईबापांच्या मधोमध, किंवा त्याच्या थोडं वर बसतं. संकराचा जोम खरा दिसतो तो दुसरीकडं: अंडी फळण्यात, पिल्लं अंड्यातून धडपणे बाहेर येण्यात, पहिल्या महिन्यात कमी मरण्यात, उन्हा-पावसात तग धरण्यात. शंभर पिल्लांतली पंच्याऐंशी-नव्वद विक्रीला पोचली तर तुमचा पैसा तिथं आहे. ज्याला सहा आठवड्यांत दोन किलो हवंय त्यानं सरळ ब्रॉयलर पाळावा. असील-आरआयआरचा नर नीट खाद्यावर साडेतीन ते चार महिन्यांत सव्वा ते दीड किलो होतो, मादी त्याहून दोन-अडीचशे ग्रॅमनं मागं. या वयाला मांस रश्शात शिजून उतरतं तरी हाडाला धरून राहतं. आपल्या भागात ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर जो रस्सा लोकांना हवा असतो, तो सहा आठवड्यांच्या पक्ष्यात येतच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. पहिल्या पिढीत एखादा कोंबडा असा देखणा निघतो की तो कापवत नाही. तांबडाकाळा, छाती पुढं, तुरा छोटा. घरातली पोरंही म्हणतात, हा ठेवू या. घरी ठेवायला हरकत नाही, पण पैदाशीच्या कोंबड्यांत तो जाता कामा नये. पहिल्या पिढीची सगळी पिल्लं जवळपास एकसारखी असतात, कारण प्रत्येकाला अर्धा वाटा असीलचा आणि अर्धा आरआयआरचा मिळालेला असतो. हीच पिल्लं आपसांत लावली की वाटे पुन्हा पिसले जातात. एक पिल्लू असीलसारखं लांब तंगड्यांचं आणि संथ वाढीचं, दुसरं अंड्याच्या कोंबडीसारखं हलकं, तिसरं मधलं. संकराचा जो जोम मिळाला होता तो या दुसऱ्या पिढीत निम्म्यावर येतो. शिवाय ती सख्खी-सावत्र भावंडं, म्हणून रक्तही जवळ येतं. त्यापुढं तसंच चालू ठेवलं तर दोन-तीन वर्षांत अंडी फळेनाशी होतात, पिल्लं अंड्यातच मरतात आणि माणूस औषधं शोधत बसतो.

तेव्हा पहिली पिढी सगळी कापायची किंवा विकायची, आणि पिल्लं दर वेळी मूळ आईबापांपासूनच काढायची. आरआयआर कोंबड्या दीड-दोन वर्षं चांगल्या चालतात, मग बदला. असील कोंबडा दुसऱ्या गावचा आणा. गावरानातही हाच नियम पाळा. एकाच घरचा कोंबडा त्याच घरच्या दहा कोंबड्यांवर ठेवून त्याचाच मुलगा पुढं ठेवला तर पिढीगणिक रक्त जवळ येण्याचं प्रमाण तेरा-चौदा टक्क्यांनी वाढतं. हे काही थोडं नाही. आपल्या वस्त्यांवरचं गावरान लहान लहान होत चाललंय त्याचं मोठं कारण हेच आहे, असं मला वाटतं.

आरआयआरच्या कोंबड्यांत आधी दुसरा कोंबडा असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळं नवा कोंबडा सोडला तरी सुरुवातीची काही पिल्लं जुन्याची असतात. ती अंडी खाऊन टाका. पिल्लं निघाल्यावर बाप कोण हे ओळखायची एक सोपी खूण आहे. असीलचा तुरा मटारी, म्हणजे बसका, तीन बारीक ओळींचा. आरआयआरचा तुरा एकेरी, करवतीसारखा उभा. या दोघांच्या पिल्लात असीलचा तुरा वरचढ ठरतो. एक दिवसाचं पिल्लू उजेडात धरून चोचीच्या वर बघा: बारीक, सपाट, तीन रेघांचं उंचवट्याचं ठिपकं दिसलं तर ते असीलचं. एकच उभी, पातळ रेघ असेल तर एक तर शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून आलाय, नाहीतर तुमचा असील शुद्ध नाही. पहिल्याच घाण्यात हे तपासलंत तर पुढचं वर्ष वाया जात नाही.

आता तुमच्या पंधरा गावरान. त्या आहेत उबवणीला! आरआयआर कोंबड्या खुडूक होण्याच्या फंदात फारशा पडत नाहीत, आणि तीन-चारशे अंड्यांचं यंत्र घेण्याएवढा तुमचा पसारा अजून नाही. गावरान कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली आरआयआरची दहा-बारा अंडी घाला. तपकिरी अंडी वेगळी ओळखू येतात, त्यामुळं तिची स्वतःची अंडी काढून घेणंही सोपं. बसवण्याआधी तिच्या पंखाखाली बघा. उवा-पिसवा असतील तर चुलीची चाळलेली राख चोळा, नाहीतर ती अर्ध्यातून उठते. तीन-चार कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर पिल्लं एकदम निघतात आणि लसीकरण, खाद्य सगळं सोपं जातं.

अंड्यांच्या साठवणीकडं आपल्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अंडं चोवीस-पंचवीस अंशांच्या वरच्या खोलीत पडून राहिलं की आतलं बीज धड वाढतही नाही आणि धड झोपूनही राहत नाही, आणि उबवायला ठेवायच्या आधीच कमजोर होऊन मरतं. सोलापुरात फेब्रुवारीतच दुपारी घर तापायला लागतं. मोठ्या परातीत वाळू घाला, वाळू ओली ठेवा, त्यात पसरट मातीचं मडकं बसवा, मडक्यात कोरड्या भुश्श्यावर अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. तरीही पाच-सहा दिवसांच्या वर साठवू नका. अंडी धुऊ नका, घाणेरडी सरळ खायला घ्या. बसवल्यावर सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात काहीच नाही ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं. यंत्र असेल तर साडेसदतीस अंश, आणि अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद.

आखाडाचं गणित उलटं मांडा. पक्षी चार-साडेचार महिन्यांचा हवा, म्हणजे पिल्लं महाशिवरात्रीच्या आसपास निघाली पाहिजेत. त्याआधी एकवीस दिवस उबवणी, त्याआधी आठवडाभर अंडी गोळा करणं आणि त्याआधी तीन आठवडे जुन्या बीजाची वाट बघणं. म्हणजे सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्डा जत्रा भरते त्या संक्रांतीच्या सुमाराला असील आरआयआरमध्ये गेलेला हवा. या वेळेत अजून एक फायदा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांची ऊब लागते, आणि मार्चमध्ये ती आपल्याकडं जवळपास फुकट मिळते, बल्ब फक्त रात्री. ऐन मे महिन्यात पक्षी पाऊण-एक किलोचे असतात, भारी झालेले नसतात, म्हणून उन्हानं मरत नाहीत. कडुलिंबाची सावली, गोणपाटं ओली, पाणी मातीच्या भांड्यात, आणि खाद्य पहाटे व दिवस मावळल्यावर. एवढं बास. आखाड झाला की श्रावणात कोण कोंबडं घेत नाही, म्हणून तोवर सगळे नर गेलेले पाहिजेत. तसेही साडेतीन-चार महिन्यांचे झाले की असीलच्या रक्ताचे नर एकमेकांच्या तुऱ्याला धरतात आणि खाल्लेलं सगळं भांडणात घालवतात. सगळ्यात जड ते आधी विका.

उष्णतेचीच मोठी अडचण असेल तर उघड्या मानेचा गावरान कोंबडा शोधा, अजूनही एखाद्या वस्तीवर दिसतो. त्याच्या पिल्लांच्या अंगावर पिसं कमी येतात, अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. एकाच बाजूनं तो गुण आलेल्या पिल्लाच्या मानेला पुढं पिसांचा एक झुपका राहतो, त्यावरून ओळखता येतं. इज्जतनगरची ‘हितकॅरी’ अशाच उघड्या मानेच्या देशी कोंबड्यापासून केलेली आहे.

खाद्याचं थोडक्यात. पहिले सहा आठवडे तयार स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य, घ्या, तिथं काटकसर नको. पुढं दहा किलोला साडेसहा किलो ज्वारी किंवा मक्याची भरड, दीड किलो सोयापेंड, एक किलो सूर्यफूल किंवा करडईची पेंड, पाऊण किलो तूर चुनी, आणि उरलेल्या पाव किलोत मिनरल मिक्श्चर व तीस ग्रॅम मीठ. यात सतरा-साडेसतरा टक्के प्रथिनं बसतात. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही आणि वाढ खुंटते. शेंगदाणा पेंड स्वस्त वाटते, पण बुरशीचा वास आला की तिच्यातलं विष थेट काळीज खातं. भिजलेली ज्वारीही तशीच. एका पक्ष्याला विक्रीपर्यंत साडेचार-पाच किलो खाद्य लागतं, मोकळं फिरून किडे-गवत मिळालं तर त्याहून कमी. तुमच्या बाजारातल्या दरानं गुणून बघा आणि विकताना नगावर न देता वजनावर द्या.

लसीशिवाय मात्र यातलं काहीच करू नका. मानमोडी (राणीखेत) आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब, चौदाव्याला गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांत देवीची, आणि आठ-दहा आठवड्यांत राणीखेतची आर-टू-बी टोचून. कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वस्तीवरच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी आणा. मेडिकलमधून घरापर्यंत बर्फातच. थर्मास उन्हात गाडीला लटकवून आणलेली लस म्हणजे पाण्याचा थेंब.

आता कडकनाथ. झाबुआचा हा पक्षी २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून फार गाजतोय आणि तुम्हाला कुणीतरी त्याचा संकर करा म्हणून सांगणारच. मांसासाठी तो घाट्याचा आहे. पूर्ण वाढलेला नर पावणेदोन-दोन किलोचा, वाढ गावरानासारखी, त्यामुळं त्याचा कोंबडा लावून वजनाची अपेक्षा धरू नका. आरआयआर कोंबडीवर लावलेल्या कडकनाथच्या पिल्लांत काळेपणा अर्धवट उतरतो, आणि गिऱ्हाईक चोच-पाय बघून ‘हे खरं नव्हं’ म्हणून परत जातं. काळा पक्षीच विकायचा असेल तर शुद्ध कडकनाथ वेगळ्या जाळीत पाळा आणि आरआयआरपासून लांब ठेवा.

यंदा आरआयआर मिळाल्याच नाहीत तर दुसरी जोडी तात्पुरती चालेल: शुद्ध आरआयआर कोंबडा तुमच्या गावरान कोंबड्यांवर. ब्रॉयलरएवढी वजनाची तफावत नाही, त्यामुळं पाठी तेवढ्या सोलत नाहीत. पिल्लं कमी निघतील, पण त्यातल्या माद्या गावरानाच्या दीडपट-दुप्पट अंडी देतात. त्या माद्यांवर पुढच्या संक्रांतीला असील सोडलात तर तिन्ही रक्तं एकत्र येतात आणि जोम टिकतो. तीही पिल्लं मात्र कापायचीच. त्यासाठी कुठल्या मादीचे आईबाप कोण हे कळलं पाहिजे. पिल्लं एक दिवसाची असताना पायाच्या दोन बोटांमधल्या पडद्याला बारीक पंचनं छिद्र पाडा, या वर्षी डाव्या पायाला, पुढच्या वर्षी उजव्या.